श्वास की नाडी?

हॅना ग्रीनर पंधरा वर्षांची होती आणि तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळच्या विनलॅटन गावची ही मुलगी. दुसऱ्या पायाचं नख काही महिन्यांपूर्वीच इथर हुंगवून काढलं होतं आणि ते नीट पार पडलं होतं. 28 जानेवारी 1848 रोजी डॉक्टर मेगिसन आपल्या सहायकाला घेऊन घरी आले. या वेळी औषध नवं होतं, क्लोरोफॉर्म. हॅना घाबरलेली होती, रडत होती. तिला खुर्चीत बसवलं आणि चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर ओतून नाकापाशी धरला. अर्ध्याएक मिनिटात हाताचे स्नायू ताठरले. सहायकानं सुरी लावली, तशी तिनं पाय झटकला. गुंगी पुरती आली नाही असं डॉक्टरांना वाटतं न वाटतं तोच तिचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडावर पाणी मारलं, घशात थोडी ब्रँडी ओतली, शीर कापून रक्त काढून पाहिलं. सुरुवातीपासून तीन मिनिटांच्या आत सगळं संपलं होतं.

एका नखापायी गेलेल्या या मुलीनं वैद्यकशास्त्रापुढे एक प्रश्न ठेवला, आणि तो सुटायला पुढे साठ वर्षांहून अधिक काळ लागला. क्लोरोफॉर्मनं माणूस मरतो तेव्हा आधी काय थांबतं? श्वास की हृदय?

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हता. भूल देणाऱ्यानं नजर कुठे ठेवायची ते त्या उत्तरावर ठरणार होतं. त्या काळी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी ना पडदा होता, ना यंत्राची पीप-पीप. रोग्याच्या उशाशी एक माणूस, त्याच्या हातात कापड आणि बाटली. त्यानं छातीकडे पाहायचं की मनगट धरायचं, एवढंच काय ते त्याच्या हाती होतं.

भुलीचं औषध म्हणून क्लोरोफॉर्म तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. 16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेत बॉस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं इथर देऊन रोग्याला गुंगवलं आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. पुढच्या वर्षी, 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्री, एडिनबरोमध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह घरच्या जेवणाच्या टेबलावर क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला. तिघेही खाली कोसळले आणि शुद्धीवर आले ते आनंदातच. इथरचा वास उग्र, त्यानं घसा खवखवतो, गुंगी यायला वेळ लागतो. क्लोरोफॉर्म गोडसर, काम झटपट, प्रमाण थोडं. काही दिवसांतच सिम्प्सन तो बाळंतिणींना देऊ लागले.

हॅनाच्या मृत्यूबद्दल सिम्प्सन यांचं म्हणणं असं पडलं की मुलगी क्लोरोफॉर्मनं गेलीच नाही, शुद्ध नसताना घशात ओतलेल्या पाण्या-ब्रँडीनं गुदमरली. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, पण असे मृत्यू नंतरही होत राहिले, आणि तेही बहुधा किरकोळ शस्त्रक्रियांत. मांडी कापताना रोगी वाचायचा आणि दात उपटताना जायचा. हे कोडं नीट लक्षात ठेवायला हवं, कारण शेवटी उत्तर त्यातच सापडलं.

लंडनमध्ये जॉन स्नो यांनी या प्रश्नाला हात घातला. कॉलऱ्याची साथ पाण्यातून पसरते हे दाखवून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावणारे तेच हे स्नो. पोटापाण्याचा व्यवसाय मात्र भूल देण्याचा. 7 एप्रिल 1853 रोजी व्हिक्टोरिया राणीला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला. स्नो मोजमापाचे माणूस. हवेत क्लोरोफॉर्मची वाफ शेकडा किती, यावर सगळं अवलंबून आहे हे त्यांनी ओळखलं. वाफ दाट झाली की हृदयालाच लकवा मारतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून लंडनकर नाडी धरून बसत.

एडिनबरोचे सर्जन जेम्स साइम यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्याकडे नाडी कुणी पाहायचीच नाही असा दंडक होता. श्वास पाहा, घोरण्याचा आवाज बदलला की औषध बाजूला करा, जीभ पुढे ओढा. नाडीवर बोट ठेवलं की लक्ष श्वासावरून उडतं, आणि धोका तर श्वासातच आहे. साइम यांच्या हाताखाली तयार झालेली पोरं ही शिकवण घेऊन साम्राज्यभर पांगली. त्यांतला एक होता एडवर्ड लॉरी.

हिंदुस्थानात इथर लवकरच पोचलं होतं. 22 मार्च 1847 रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात त्याचा पहिला वापर झाला, म्हणजे बॉस्टननंतर जेमतेम पाच महिन्यांनी, आगबोटी आणि पत्रांच्या त्या जमान्यात. पण इथल्या हवेत इथर टिकणं अवघड होतं. ते सुमारे 35 अंश सेल्सिअसला उकळतं. वैशाखातल्या दुपारी बाटलीचं बूच काढलं की कापडावर पडण्याआधीच निम्मं उडून जायचं. शिवाय ते भडकतं, आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात करायची असली तर विचारायलाच नको. क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळतो आणि पेट घेत नाही. आपल्याकडे क्लोरोफॉर्मचं राज्य आलं आणि दीर्घकाळ टिकलं, त्याला हे कारण पुरेसं होतं.

लॉरी 1885 मध्ये लाहोरहून हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. इथलं मेडिकल स्कूल 1846 साली, म्हणजे बॉस्टनच्या त्या प्रयोगाच्याच वर्षी, सुरू झालेलं. शिकवणं उर्दूतून, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याला ‘हकीम’ ही पदवी. लॉरी यांनी शिक्षण इंग्रजीत आणलं आणि मुलींना प्रवेश दिला. अफझलगंजच्या इस्पितळात ते स्वतः शस्त्रक्रिया करत आणि विद्यार्थ्यांकडून क्लोरोफॉर्म देववत.

त्यांची पद्धत समोर उभी करायला हवी, कारण सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. रोगी उताणा निजलेला, छातीवरची बटणं सोडलेली, पोटावर काही घट्ट बांधलेलं नाही. कापडाच्या शंकूसारख्या टोपीत कापूस, त्यावर क्लोरोफॉर्म. टोपी नाकातोंडाशी धरायची, पण हवा आत शिरायला वाट ठेवायची. रोगी श्वास कोंडू लागला, धडपडू लागला की टोपी लगेच दूर. श्वास पुन्हा सरळ झाला की जवळ. मग बोटाच्या टोकानं डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करायचा. पापणी मिटली तर अजून वेळ आहे. पापणी हलली नाही की औषध थांबवायचं, आणि तेव्हाच, त्याआधी मुळीच नाही, सर्जननं सुरी उचलायची. मग शस्त्रक्रिया संपेपर्यंत भूल देणाऱ्याची नजर श्वासावर. हनुवटी वर उचललेली, जबडा पुढे ओढलेला. नाडी कुणी बघायची नाही.

या पद्धतीनं आपल्या हातून आणि आपल्या देखरेखीखाली चाळीस-पन्नास हजार रोग्यांना क्लोरोफॉर्म दिला गेला, एकही दगावला नाही, असा लॉरी यांचा दावा होता. त्याच काळात इतरत्र सुमारे तीन हजारांमागे एक मृत्यू असा हिशेब सांगितला जाई. तेव्हा हा दावा फार मोठा होता यात शंका नाही. पण लॉरी खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

लंडनचे डॉक्टर आपल्याच चुकीनं रोगी मारतात आणि दोष हृदयाला देतात, असं लॉरी उघड म्हणू लागले. ते सिद्ध करायला 1888 साली त्यांनी निजाम सरकारच्या पाठबळानं एक आयोग नेमला. कुत्र्यांवर प्रयोग झाले. प्रत्येक वेळी आधी श्वास थांबला, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकानं हे मान्य केलं नाही. कुत्रा म्हणजे माणूस नव्हे, आणि लंडनच्या इस्पितळांत डोळ्यांदेखत नाडी आधी गेलेली डॉक्टरांनी पाहिली आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यावर हैदराबादहून जे उत्तर गेलं त्याला वैद्यकाच्या इतिहासात तोड नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले. ‘लॅन्सेट’नंच आपला माणूस निवडावा, हैदराबादला पाठवावा, त्यानं प्रयोग स्वतःच्या हातानं करावेत. ब्रिटिश हिंदुस्थानात राज्यकर्ते ज्ञान वाटत आणि प्रजा ते घेत असे, असंच चित्र आपल्यासमोर असतं. इथे एक देशी संस्थान स्वतःच्या खर्चानं लंडनच्या पंडितांना बोलावत होतं, या आणि तपासून पाहा म्हणून. तो पैसा संस्थानच्या महसुलातला, आणि त्या महसुलात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडच्या काळ्या जमिनीचा वाटा होता. मराठवाड्यातल्या माणसानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

‘लॅन्सेट’नं निवड केली ती थॉमस लॉडर ब्रंटन यांची. सेंट बार्थोलोम्यूज इस्पितळातले औषधशास्त्राचे मोठे अभ्यासक. छातीत कळ येते तेव्हा अमाइल नायट्राइट हुंगवल्यानं आराम पडतो हे 1867 साली दाखवून देणारे तेच. हृदयावर औषधांचा परिणाम हा त्यांचा खास विषय, आणि क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालतो हे मत घेऊनच ते बोटीत चढले.

1889 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये हे काम चाललं. आयोगात लॉरी अध्यक्ष, ब्रंटन, कलकत्त्याहून आलेले बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी. प्रयोगांच्या खोलीतलं मुख्य यंत्र होतं कायमोग्राफ. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या डॉक्टरांनी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बेडकाच्या स्नायूसाठी ते वापरलेलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. एक नळकांडं, त्याला गुळगुळीत कागद गुंडाळलेला. तो कागद दिव्याच्या धुरावर धरून काजळीनं काळा करायचा. घड्याळाच्या यंत्रावर नळकांडं सावकाश फिरतं आणि एक सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जाते. सुईचा संबंध पाऱ्याच्या नळीशी, नळीचा कुत्र्याच्या रोहिणीशी. रक्तदाब चढला की रेघ वर, उतरला की खाली. दुसरी सुई श्वासाची. प्रयोग संपला की कागद हळूच काढून लाखेच्या रोगणात बुडवायचा, नाहीतर बोट लागलं की सगळं पुसलं जातं. एका प्राण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांचं ते हस्ताक्षर असतं. ब्रंटननी या रेघांचे फोटो काढून घेतले.

प्रयोग फक्त कुत्र्यांवर झाले नाहीत. माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे, सगळे मिळून 490 प्राणी, त्यांतले 120 पाऱ्याच्या नळीला जोडलेले. थोडा क्लोरोफॉर्म, भरपूर क्लोरोफॉर्म, श्वास कोंडून, हृदयाची गती मंदावणारा व्हेगस मज्जातंतू कापून, तो विजेनं चेतवून. ‘तुमचे कुत्रे धडधाकट होते, आमच्या रोग्यांची हृदयं चरबीनं निकामी झालेली असतात’ असा आक्षेप येईल म्हणून काही कुत्र्यांना आधी फॉस्फरस देऊन त्यांची हृदयं मुद्दाम खराब केली आणि मग भूल दिली. आज हे वाचताना जीव कळवळतो. इतक्या मुक्या जिवांच्या मोलानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तरी खरं मिळायला हवं होतं.

ब्रंटन यांचं मत फिरलं. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांची तार लंडनला पोचली आणि ‘लॅन्सेट’नं ती छापली. प्राण्यांची संख्या, नळीला जोडलेले किती, हे सांगून त्यांनी निकाल दिला होता की क्लोरोफॉर्मचा धोका गुदमरण्याचा किंवा जास्त मात्रेचा, थेट हृदयाला मुळीच नाही. ‘मुळीच नाही’ हे दोन शब्द पुढे फार महाग पडले.

याच दिवसांत अफझलगंजच्या इस्पितळात माणसांनाही क्लोरोफॉर्म दिला जात होता, आणि देणाऱ्यांत एक तरुण पारशी मुलगी होती, रूपाबाई फर्दूनजी. मेडिकल स्कूलमध्ये दाखल झालेल्या पहिल्या मुलींपैकी ती एक. आनंदीबाई जोशींचं 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात निधन झालं, तेव्हा रूपाबाई हैदराबादला शिकत होत्या, आणि 1889 मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. पुढे वर्षानुवर्षं भूल देणं हेच त्यांचं मुख्य काम राहिलं. जगातली पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून अनेक अभ्यासक त्यांचं नाव घेतात. पुढे शिकायला त्या एडिनबरोला गेल्या आणि परत येऊन हैदराबादच्या इस्पितळांत काम करत राहिल्या. आयोगाचे अहवाल मोठे, मतभेद मोठे. पण तीन महिने त्या खोलीत जे चाललं होतं त्याचा खरा वारसा मला रूपाबाईंच्या हातांत दिसतो. हनुवटी उचलणारे ते हात.

अहवाल 1890 मध्ये ‘लॅन्सेट’मधून क्रमानं प्रसिद्ध झाला. सार असं की श्वासाकडे नीट लक्ष असेल तर शस्त्रक्रियेची गरज असलेल्या कोणत्याही रोग्याला क्लोरोफॉर्म निर्धोकपणे देता येतो. एडिनबरोकरांना हर्ष झाला, लंडनकर चिडले. त्याच वर्षी ॲबर्डीनमध्ये जॉन मॅकविल्यम यांनी दाखवलं की क्लोरोफॉर्मनं हृदय फुगतं, ढिलं पडतं, आणि हे श्वास चालू असतानाही होतं. याच मॅकविल्यम यांनी आदल्या वर्षी, 1889 मध्ये, आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. माणूस अचानक मरतो तेव्हा अनेकदा हृदय थांबलेलं नसतं, त्याचे कप्पे नुसते थरथरत असतात, असं त्यांचं मत होतं. थरथरणारं हृदय रक्त ढकलत नाही. क्लोरोफॉर्मचं कोडं आणि त्याची किल्ली एकाच माणसाच्या टेबलावर पडली होती, पण दोन्ही एकत्र आली नाहीत.

1893 मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांनी एक विलक्षण प्रयोग केला. दोन प्राणी घेतले आणि त्यांच्या रक्तवाहिन्या अशा जोडल्या की एकाच्या मेंदूला रक्त दुसऱ्याकडून मिळावं. मग क्लोरोफॉर्म कधी फक्त मेंदूला, कधी फक्त उरलेल्या शरीराला पोचवता येतो. मेंदूला दिला तर रक्तदाब उतरला नाही. हृदयाकडे गेला की कोसळला. म्हणजे क्लोरोफॉर्म हृदयावर थेट मारा करतो. लॉरी यांनी हे मानलं नाही. ते वर्षानुवर्षं पत्रांतून, भाषणांतून आणि 1901 च्या आपल्या पुस्तकातूनही झगडत राहिले.

आणखी एक बदल तेव्हा होत होता. ‘लॅन्सेट’नं ठिकठिकाणच्या इस्पितळांकडून भूल दिलेल्या आणि दगावलेल्या रोग्यांची माहिती मागवली. प्रयोगशाळेतल्या रेघांऐवजी माणसांच्या नोंदी. कुणाला काय दिलं, किती दिलं, कशासाठी, काय झालं. क्लोरोफॉर्म इथरपेक्षा अधिक घातक आहे, हे या नोंदींतून स्पष्ट होत गेलं. 1894 मध्ये लेनर्ड गथ्री यांनी दाखवून दिलं की काही मुलं शस्त्रक्रियेच्या वेळी नीट राहतात आणि त्यानंतर काही दिवसांनी यकृत बिघडून जातात. अशा मृत्यूकडे प्रयोगशाळेची सुई कधी वळलीच नव्हती.

खरं उत्तर आलं ते 1911 मध्ये, लंडनच्या गुडमन लेव्ही यांच्याकडून, मांजरांवरच्या प्रयोगांतून. क्लोरोफॉर्मची गुंगी गाढ असली तर हृदय मंद चालतं, पण लयीत राहतं. गुंगी हलकी असली आणि त्या वेळी शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढलं, तर हृदयाचे कप्पे एकाएकी थरथरू लागतात, आणि मांजर श्वास घेत असतानाच मरतं. डॉक्टर आज याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. अ‍ॅड्रिनलिन वाढतं केव्हा? भीतीनं. धडपडीनं. अर्धवट गुंगीत सुरी लागली की होणाऱ्या वेदनेनं.

आता हॅना ग्रीनर पुन्हा आठवा. खुर्चीत बसलेली, रडणारी, अर्ध्या मिनिटाचा क्लोरोफॉर्म, पुरेशी गुंगी न आलेली, आणि सुरी लागताच झटकलेला पाय. किरकोळ शस्त्रक्रियांतच माणसं का जायची, ते आता कळतं. मोठी शस्त्रक्रिया असली की भूल पूर्ण दिली जाई. दाताला, नखाला कोण एवढा वेळ देणार? थोडासा क्लोरोफॉर्म, झटकन काम. तोच जीवघेणा टप्पा होता.

आणि लॉरी यांचा दावाही इथेच समजतो. त्यांच्या विद्यार्थ्यांना सक्त ताकीद होती की धडपड सुरू झाली की टोपी दूर, आणि बुबुळाला स्पर्श कळेनासा झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. म्हणजे हलक्या गुंगीच्या धोक्याच्या पट्ट्यात त्यांचा रोगी शस्त्रक्रियेच्या वेळी सापडतच नव्हता. हृदयाला धोका नाही असं लॉरी छातीठोकपणे सांगत, आणि त्यांची पद्धत नकळत नेमका तोच धोका टाळत होती. हात बरोबर होते, कारणमीमांसा चुकली होती. हैदराबादच्या खोलीत प्राण्यांना क्लोरोफॉर्म एकसारखा, गाढ गुंगीपर्यंत दिला जाई, आणि गाढ गुंगीत आधी श्वासच थांबतो. त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त जे पाहायला हवं होतं ते त्यांच्या प्रयोगात येतच नव्हतं.

दुर्दैव हे की हैदराबादचा निकाल सगळीकडे गेला, पण लॉरी यांची शिस्त तेवढी गेली नाही. ‘हृदयाला धोका नाही’ एवढंच ज्यांनी उचललं, त्यांनी घाईघाईनं हलकी गुंगी देऊन सुरी लावली. असे किती गेले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तरीही मी लॉरी यांना दोषी ठरवणार नाही. भूलशास्त्राचा पहिला धडा आजही तोच आहे, श्वासाची वाट मोकळी ठेवा. आजच्या थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ रोग्याच्या डोक्याशी उभे राहून जबड्यामागे दोन्ही हातांची बोटं घालून तो पुढे उचलतात, ती कृती अफझलगंजच्या विद्यार्थ्यांनी लगेच ओळखली असती. आणि लंडनकरांचं म्हणणंही त्याच टेबलावर आहे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर, छातीवरच्या ईसीजीच्या पट्ट्या, दंडावर फुगणारा रक्तदाबाचा पट्टा. श्वास आणि नाडी दोन्ही, एकाच पडद्यावर, दर क्षणी. एडिनबरो आणि लंडन यांचा तंटा असा मिटला.

पण हॅनाच्या बाबतीत जे बिनसलं त्यातला एक भाग कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. ती घाबरली होती, आणि तिच्या भीतीची दखल घेणं हा उपचाराचा भाग आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. आज क्लोरोफॉर्म गेला आहे, औषधं कितीतरी सुरक्षित आहेत, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ खाटेशी येऊन बसतात. शेवटचं काय खाल्लं आणि कधी, दम्याचा त्रास आहे का, कुठली गोळी चालू आहे, तंबाखू खाता का, दात हलतो आहे का, आधी कधी भूल दिली होती का, असं विचारतात. आपल्याकडे बरेच जण या प्रश्नांना उडवून लावतात, उपाशी राहायला सांगितलं असताना चहा-बिस्किट खाऊन गप्प बसतात, सगळं विचारायचं ते सर्जनला आणि हा माणूस फक्त इंजेक्शन देणारा असं समजतात. तसं करू नका. जे विचारतील ते खरंखरं सांगा, त्यांचं नाव विचारून घ्या, आणि भीती वाटत असेल तर तीही त्यांना सांगा.